दुर्बिणीला दिसले, म्हणजे किरण येऊन गेले

परवा रात्री मावशीने फोन बंद करून ठेवला. ती एकटी राहते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आई पहाटेपर्यंत फोन लावत बसली. सकाळी शेजारणीकडून निरोप आला तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला. कारण काय, तर हा मेसेज: ‘अवकाश दुर्बिणीने प्रचंड गॅमा किरण स्फोट टिपला आहे. ते किरण आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून जातील. मोबाइल बंद करा, उशाशी ठेवू नका. ही बातमी दडपली जात आहे.’ खाली जांभळ्या झोताचा फोटो.

आधी ‘टिपला आहे, आज रात्री येणार’ हे बघू. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच सगळ्यात जास्त ऊर्जेचा प्रकार, म्हणून ते प्रकाशाच्याच वेगाने धावतात. त्यांच्या पुढे पळत येऊन वर्दी देणारं काहीही नाही. दुर्बिणीला स्फोट दिसतो तो किरण तिच्यावर आदळतात म्हणूनच, आणि ती तर पृथ्वीभोवतीच फिरते आहे. 9 ऑक्टोबर 2022चा स्फोट घ्या. आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी. जागतिक वेळेनुसार दुपारी 1 वाजून 17 मिनिटांनी फर्मी या अवकाश दुर्बिणीने त्याची चाहूल घेतली, आणि त्याच घटकेला किरण पृथ्वीवरही पोचले होते. जवळपास 200 कोटी वर्षं प्रवास करून आलेले, कोणालाही आगाऊ खबर न देता. मुख्य भडका काही मिनिटांतच ओसरला. स्विफ्ट या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीच्या आड तेव्हा पृथ्वी होती. तासाभराने तिची नजर तिकडे गेली, तोवर मागे उरली होती ती झळाळी. मग साडेबारा ते साडेतीन हे वेळापत्रक आलं कुठून?

फोटोचं म्हणाल तर नेहमीच्या आरशाने गॅमा किरण एकत्र आणता येत नाहीत, ते आरपार जातात किंवा शोषले जातात. स्विफ्टवर शिशाच्या 50 हजारांहून अधिक चकत्यांची जाळी आहे. तिची सावली खालच्या संवेदकांवर कशी पडते, त्यावरून स्फोटाची दिशा काढतात आणि यान आपणहून तिकडे वळतं. मेसेजमधला झोत चित्रकाराने काढलेला आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्या स्फोटाने पृथ्वीला काहीच झालं नाही असं नाही. 2023मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधानुसार, सुमारे 500 किलोमीटर उंचीवर आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, विद्युत क्षेत्रात ठळक बदल नोंदला गेला. हो, वर खळबळ झाली. पण खाली जमिनीवर? वातावरण गॅमा किरणांना दहा मीटर पाण्याच्या थराइतकं अडवतं. म्हणून तर या दुर्बिणी अवकाशात पाठवाव्या लागतात! फोन चालू असो वा बंद, किरणांना त्याने काही फरक पडत नाही.

दडपण्याचं म्हणाल, तर 1967मध्ये वेला या लष्करी उपग्रहांना पहिला स्फोट दिसला आणि जगाला कळला 1973मध्ये, हे खरं. आज स्फोटाची सूचना काही सेकंदांत जगभर जाते आणि ती कोणालाही वाचता येते.

मावशीने तो मेसेज पुढे सहा जणींना पाठवला होता. त्यातल्या दोघी तिच्यासारख्याच एकट्या राहतात. आज दोघींना फोन केला आणि रात्री तो चालूच ठेवा म्हणून सांगितलं.