‘प्रवासाच्या जनुका’विषयी खुलासा

‘डीआरडी४’ या जनुकाचे ‘७आर’ हे रूप ज्यांच्यात नसते त्यांना जग पाहण्याची इच्छाच होत नाही, असा मजकूर सध्या जळगाव परिसरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

हे जनुक मेंदूतील डोपामीन या रसायनाच्या एका ग्राहीशी (त्याचा संदेश पेशीत घेणाऱ्या प्रथिनाशी) संबंधित आहे, एवढे खरे. १९९६ मध्ये दोन अभ्यासांनी त्याचा नावीन्याच्या ओढीशी संबंध दाखवला. पण पुढील अनेक अभ्यासांत तो आढळला नाही. १९९९ च्या एका अभ्यासात, ज्यांच्या पूर्वजांनी दूरवर स्थलांतर केले अशा मानवसमूहांत या जनुकाची ‘७आर’सारखी लांब रूपे अधिक आढळल्याची नोंद आहे. परंतु ती समूहांविषयीची असून, एखाद्या माणसाला सहलीला जावेसे का वाटत नाही, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

माझे मामा रावेर तालुक्यात केळी पिकवतात. बाग निसवू लागली, म्हणजे घड बाहेर पडू लागले, की ते पहाटेच खोडाखोडापाशी थांबतात, घडाखाली हात घालून फण्या मोजतात आणि ठिबकची नळी कुठे तुंबली आहे का ते पाहतात. मुलाने दुबईचे तिकीट काढून देऊ केले, तेही त्यांनी आनंदाने नाकारले. पैसा, प्रकृती किंवा जबाबदारी यांमुळे अनेकांना घर सोडता येत नाही, हे वेगळे. मामांना मात्र जावेसेच वाटत नाही, आणि त्याला उणीव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. श्रावणात कानबाई या देवीच्या रोटांच्या सणाला बाहेरगावची भावंडे परततात, तेव्हा दार उघडायला तेच घरी असतात.