ओपन गाय कुठे जाते?

डिसेंबरात बडोद्याला आमच्या वहिनीची स्कूटी मांडवीहून परतताना एका सांडावर आपटली. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, आणि घरच्या ग्रुपवर तेव्हापासून जे पेटलंय ते अजून विझलेलं नाही. अर्धे म्हणतात ढोर पार्टी (महापालिकेचं गुरं पकडणारं पथक) पाठवा, मालधाऱ्यांना, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांना, दंड करा. उरलेले म्हणतात दोष जर्सीचा, देशी गाय घरोघर होती तेव्हा सांड रस्त्यावर नसायचे. (हे खोटं आहे. आमच्या लहानपणी दांडिया बाजारात एक सांड भरदुपारी पानाच्या गल्ल्यासमोर ठाण मांडून बसायचा. त्याला चांगलं वशिंड होतं.)

मी टेक्सासातून एवढंच लिहिलं, "इकडे गाय रस्त्यावर दिसत नाही, कारण तिचा हिशोब ठेवणारा कुणीतरी असतो." दादाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "तू गाय खाणाऱ्यांत राहतोस, तू आम्हाला हिशोब शिकवू नकोस. आपल्या गीर आणि कांकरेज पळवून नेल्या त्या त्यांनीच."

मी खात नाही, हे आधी सांगून टाकतो. आणि पळवण्याचं म्हणाल तर माझा रोजचा रस्ता हायवे फिफ्टीनाइन. शुगरलँड मागे पडलं की हंगरफर्ड, मग व्हार्टन, मग पिअर्स. या पिअर्सच्या रँचवर १९०६ साली हिंदुस्थानातून वळू उतरवले होते. १८५४ पासून सत्तर वर्षांत अमेरिकेत आलेली आपली जनावरं एकूण तीनशेच्या आतली, आणि त्यांत गायी अगदी मोजक्या, बाकी सगळे वळू. म्हणजे आपण ज्याला आज रस्त्यावर सोडतो, तोच त्यांनी बोटीत घालून आणला. इथल्या गावठी गायींवर पिढ्यान् पिढ्या तो चढवला आणि १९२४ मध्ये ह्यूस्टनला त्याची संघटना काढली. त्या जातीला नाव दिलं ब्राह्मन. तिच्यात गीर आहे, कांकरेज आहे (तिला हे लोक 'गुझेरात' म्हणतात), नेल्लोर आहे आणि चक्क कृष्णाकाठचीही आहे. दादा, चोरी करायला आधी घरात कुणीतरी जपून ठेवलेलं असावं लागतं. हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं नाही. इथे टाकतो.

आमच्या कुंपणाला लागून एका म्हाताऱ्याचं रान आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे, गायी साठ. बहुतेक टायगर स्ट्राइप, म्हणजे आई ब्राह्मन आणि बाप हेरफर्ड. तांबूस अंगावर वाघासारखे काळे पट्टे, कान लोंबते, गळ्याखाली पोळी. आईकडून आलेलं ढिलं कातडं आणि आखूड केस, त्यामुळे ऑगस्टातल्या उन्हात बाकीची जनावरं ओकखाली धापा टाकत असतात तेव्हाही या चरत असतात. गोचिडही कमी लागतात. या गायींवर तो काळा अँगस वळू सोडतो. तीन जातींचं रक्त मिसळलं की वासरू दोन्हीकडच्यांपेक्षा तगडं निघतं, हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकावं लागलेलं नाही.

त्याचं सगळं शास्त्र एकाच प्रश्नाभोवती फिरतं. ही गाय स्वतःचं गवत स्वतः कमावते का? त्याला मोठी गाय आवडत नाही. पहिल्यांदा मला हे विचित्र वाटलं, आपल्याकडे तर गाय दाखवताना 'हत्तीएवढी' म्हणतात. त्याने पिकअपच्या बोनेटवर बोटाने धुळीत हिशोब मांडून दाखवला होता, मी तो किलोत सांगतो. गाय रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा खाते. ५०० किलोची गाय साडेबारा किलो खाते, ६५० किलोची सव्वासोळा. वर्षाला जवळजवळ पावणेचौदाशे किलोंचा फरक. मोठ्या गायीचं वासरू त्या मानाने काही मोठं होत नाही. मग ते जास्तीचं गवत कुणाच्या पोटात गेलं? त्यापेक्षा त्याच रानात लहान गायी दोन-चार जास्त ठेव, वासरंही तेवढी जास्त मिळतील.

वळू कळपात पंचाहत्तर दिवस, मग बाहेर. तेवढ्यात गाभण राहिली तर राहिली. दरवर्षी एक वासरू, तेही कुणी न ओढता. कास आटोपशीर, आचळ इतके बारीक की वासराने उठून स्वतः तोंड लावावं. धान्य नाही. अंगावर येणारी गाय असेल तर तिला दुसरी संधी नाही. दुष्काळी वर्षी तो हे नियम सैल करेल असं मला वाटलं होतं. उलट त्या वर्षी त्याने जास्त गायी काढल्या.

ऑक्टोबरात व्हेट, म्हणजे गुरांचा डॉक्टर, येतो. गायी एकामागून एक लोखंडी शूटमध्ये (अरुंद पिंजऱ्यात), खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा घातलेला व्हेट मागून हात घालतो, दहा सेकंद डोळे मिटतो आणि ओरडतो, "ब्रेड," म्हणजे गाभण. पुढची. "ब्रेड." पुढची. "ओपन." ओपनच्या, म्हणजे गाभण न राहिलेल्या गायीच्या, पाठीवर म्हातारा पिवळ्या खडूने रेघ ओढतो. ट्रेलर बाजूलाच उभा असतो. मी एकदा गेट उघडझाक करायला मदतीला गेलो होतो. दुपारी त्याने मला टॅको दिला, बीन्सचा, माझ्यासाठी मुद्दाम. या देशात आल्यावर पहिले सहा महिने मी कँटीनमध्ये रोज बीन्स खायचो. त्यांत ब्रिस्केटचे, म्हणजे गायीच्या छातीच्या मांसाचे, तुकडे घालतात हे नंतर कळलं. घरी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून मघाशी 'मी खात नाही' हे वाक्य जरा जोरात लिहिलं गेलं.

तर मी ग्रुपवर या म्हाताऱ्याचं कौतुक लिहिलं, आकड्यांसकट. मुद्दा माझा असा होता की आपण गायीच्या जातीवर भांडतो, तिच्या चाऱ्यावर नाही. सकाळी धार काढून तिला मोकळी सोडायची आणि मग तिने कचऱ्याच्या पेटीत प्लास्टिक चावायचं, याहून स्वस्त गोपालन जगात नसेल. २०२२ च्या मार्चमध्ये गुजरातेत शहरातल्या ढोरांचं विधेयक विधानसभेने पास केलं, मालधाऱ्यांनी दूध बंद केलं, सप्टेंबरात ते मागे घेतलं गेलं. दोन्ही वेळा आमच्या ग्रुपवर पेढे.

दादाने सगळं वाचलं असावं. उत्तर एका ओळीचं, "ओपन गाय कुठे जाते?"

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. कारण हिशोब तिथेच तर जुळतो. म्हाताऱ्याच्या साठ गायी नीटनेटक्या आहेत त्या ट्रेलरमुळे. बडोद्यात तो ट्रेलर नाही. २०१७ पासून गुजरातेत गोहत्येला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भाकड गाय आणि गोऱ्हा कुठेतरी उभे राहणारच, आणि वहिनी अंधारात त्यांच्यावर आपटणार. तिकडे किंमत वहिनीचं मनगट देतं, इकडे गाय देते. यांतलं काय बरं, हे मी अठरा वर्षांपूर्वी रिफायनरीच्या कॉलनीतून निघालो तेव्हा ठामपणे सांगितलं असतं.

आणखी एक. आमची बारा एकर जमीन आहे, म्हाताऱ्याच्या गायी तिथेही चरतात. मी भाडं घेत नाही, सगळ्यांना वाटतं मोठ्या मनाचा. खरं म्हणजे जमिनीवर गायी चरत असल्या की प्रॉपर्टी टॅक्स चराईच्या किमतीवर लागतो, बाजारभावावर नाही. दरवर्षी जो पैसा वाचतो तो त्या कळपामुळे, आणि कळप कशासाठी आहे ते मला माहीत आहे. आई बडोद्याहून फोनवर विचारते, "गायी आहेत ना रे तुमच्याकडे अंगणात? बरं वाटतं बाई." मी म्हणतो, हो.

त्यांत सत्तेचाळीस नंबरची होती. कानात पिवळा टॅग, डाव्या डोळ्याखाली पट्टा तुटलेला. उत्तरायणला (संक्रांतीला) आम्ही लहानपणी रावपुऱ्यात भरवाडणीकडून, म्हणजे गवळणीकडून, रजक्याच्या (लसूणघासाच्या) जुड्या विकत घेऊन तिच्याच गायीला घालायचो, पैसे तिला, पुण्य आम्हाला. ते इथे आठवून मी मागच्या वर्षी कुकरमध्ये बाजरीची घुगरी केली, गूळ घातला आणि कुंपणाशी गेलो. सत्तेचाळीस आली. खरखरीत जीभ मनगटापर्यंत. म्हाताऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, हाताने खाणारी गाय गेटपाशीच उभी राहते, चरत नाही, खराब होते. नंतर वर्षभर ती मला पाहून खरंच कुंपणाशी यायची.

ऑक्टोबरात ती ओपन निघाली. मी गेटवरच होतो. विकत मागू शकलो असतो, म्हाताऱ्याने त्या दिवसाचा भाव लावून दिलीही असती. मी खडूची रेघ पाहिली आणि पुढचं गेट उघडलं.

या उत्तरायणला ग्रुपवर मांडवीचे पतंग, उंधियु, वहिनीचं प्लास्टर निघाल्याचा फोटो. मी माझा घुगरीचा टाकला. बत्तीस जणांनी हात जोडले. दादाने लिहिलं, "वा रे! अगदी आपली कांकरेज वाटते."

फोटो मागच्या वर्षीचा होता.