आईची बॅग आणि ब्रिक्स्टनचा डबा

हापूसचा हंगाम आला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. मराठी माणसाला धंदा जमत नाही, म्हणून आपले पदार्थ जगात पोचत नाहीत, असं एक जण लिहितो. दुसरा म्हणतो, ब्रँडिंग कमी पडतं. लंडनमध्ये बसून हे वाचताना मला इथल्या ब्रिक्स्टन या कॅरिबियन वस्तीच्या बाजारातला ॲकीचा डबा आठवतो.

ॲकी हे जमैकाचं राष्ट्रीय फळ. खारवलेल्या माशाबरोबर परतलं की थेट अंडाभुर्जी वाटते. पण फळ झाडावर आपणहून उकललं तरच खायचं. कच्चं खाल्लं तर जिवावर बेततं. त्यापायी अमेरिकेने १९७३ साली त्याची आयात रोखली. ती २००० साली सुटली, तीही फक्त मान्यता मिळालेल्या कारखान्यांच्या डब्यांपुरती. २०१४ च्या मे महिन्यात फळमाश्यांमुळे युरोपने आपले आंबे अडवले, तेव्हा ग्रुपवर दोन दिवसांत 'गोऱ्यांचं कारस्थान' शिजलं होतं. ती बंदी वर्षभरही टिकली नाही.

ब्रिक्स्टनमध्ये मिळणाऱ्या या डब्यांवर बऱ्याचदा 'ग्रेस' हे नाव असतं. ग्रेसकेनेडी ही १९२२ साली किंग्स्टनमध्ये सुरू झालेली व्यापारी पेढी. १९४८ मध्ये 'विंड्रश' बोटीतून जमैकन माणसं इंग्लंडला आली आणि मग येतच राहिली. कुणी बसवर लागलं, कुणी इस्पितळात. दरवर्षी गावी जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून गावची चव इथल्या दुकानातच शोधावी लागली. गिऱ्हाईक आधी समुद्र ओलांडून आलं, माल मागाहून.

आणि मग कंपनीने आपल्याकडे कुणालाच रुचणार नाही असं काही केलं. २००७ मध्ये डब्ल्यूटी फूड्स ही ब्रिटिश कंपनी घेतली. एन्कोनाचं झणझणीत सॉस आणि नरिशमेंटचं दुधाचं पेय हे इथल्या फळ्यांवर आधीच बसलेले ब्रँड तिच्यासोबत आले. २०१४ मध्ये अमेरिकेत ला फे ही खाद्यपदार्थांची कंपनी घेतली. तिचं गिऱ्हाईक लॅटिन अमेरिकन. म्हणजे मांडलेलं दुकानच विकत घेतलं, त्यात सगळा माल जमैकाचा नसला तरी चालेल म्हणून. पुण्यातल्या एखाद्या कंपनीने असं केलं तर 'अस्मिता विकली' म्हणून पहिली पोस्ट आमच्याच ग्रुपवर पडेल.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा दुसरा धंदा. १९९० पासून ही कंपनी जमैकात वेस्टर्न युनियनचं, म्हणजे परदेशातून आलेले पैसे पोचवण्याचं काम पाहते. मावशी लंडनहून पैसे धाडते ते हिच्या खिडकीवर मिळतात आणि मावशीच्या स्वयंपाकघरात डबाही हिचाच.

आता आमच्याकडे बघा. आम्ही विमानाने आलो, संगणकाच्या नोकऱ्यांवर, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी घरी जाऊन येतो. येताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सगळं त्यातून येतं. उद्या कुणी थालीपिठाची भाजणी इथल्या सुपरमार्केटात ठेवलीच, तर तिला आधी आईच्या बॅगेशी स्पर्धा करायची आहे, आणि ती बॅग फुकट आहे. म्हणून 'धंदा जमत नाही' हे कारण मला पटत नाही. मुळात दुकानात जाऊन विकत घेणारं गिऱ्हाईकच आम्ही तयार केलेलं नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. तीन अंगठे आले. मग आईचा वेगळा मेसेज आला: पुढच्या महिन्यात येतोय, यादी पाठव. मी पाठवली. भाजणी दोन किलो लिहिली आहे.