हॅरोच्या मतदानाबद्दलचा तो फॉरवर्ड खोटा आहे

लंडनच्या हॅरो बरोमधल्या (बरो म्हणजे स्वतःची कौन्सिल, आपल्या महापालिकेसारखी संस्था, असलेला विभाग) आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'सावधान! कौन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलं असेल तर उत्तर देऊ नका,' अशी त्याची सुरुवात. पुढचे दावे असे: भारतीय पासपोर्टवाल्यांना इथे मताचा हक्क नाही. नाव नोंदवलं की होम ऑफिसला (व्हिसा देणाऱ्या गृहखात्याला) कळतं आणि व्हिसा किंवा आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) अडकतं. परदेशात मत दिलं तर भारतीय नागरिकत्व जातं. मतदानाला ब्रिटिश पासपोर्टच लागतो. नोंदणीमुळे कौन्सिल टॅक्स वाढतो आणि तुमची माहिती विकली जाते. सगळी मतं एकाच पक्षाला दिली नाहीत तर मतपत्रिका बाद होते. आणि एवढं करून उपयोग काय, कौन्सिल तर फक्त कचरा उचलते. खाली लिहिलंय, 'वकील मित्राकडून खात्री केली आहे.' वकिलाचं नाव नाही, कायद्याचं नाही, कलमाचं तर नाहीच.

माझी वहिनी गेल्या वर्षी डिपेंडंट व्हिसावर इथे आली. तिने हा मेसेज वाचला, कौन्सिलचं पत्र रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं आणि मग मला विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

नाही, वहिनी. आणि चूक तुझी नाही. ७ मे २०२६ ला लंडनच्या सगळ्या बरोंसोबत हॅरो कौन्सिलचीही निवडणूक आहे. अशा वेळी हा मेसेज पसरवणाऱ्यांनी पाच मिनिटं काढून कायदा वाचला असता तर बरं झालं असतं.

मताच्या हक्कापासून सुरुवात करू, कारण बाकीची सगळी भीती याच एका खोटेपणावर उभी आहे. इथला कायदा म्हणजे १९८३ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. त्याची कलमं २ आणि ४ स्थानिक निवडणुकीत कोण मत देऊ शकतो ते सांगतात. वय १८ पूर्ण, त्या भागात वास्तव्य, आणि ब्रिटिश, आयरिश किंवा पात्र राष्ट्रकुल नागरिक असणं पुरेसं आहे. 'पात्र' कोण, तेही कलम ४ मध्ये आहे: ज्याला इथे राहायला परवानगीची गरजच नाही, किंवा गरज आहे आणि सध्या कोणत्याही प्रकारची परवानगी हातात आहे, असा राष्ट्रकुल नागरिक. म्हणजे स्टुडंट व्हिसा चालतो, स्किल्ड वर्कर चालतो, ग्रॅज्युएट व्हिसा चालतो आणि डिपेंडंटही चालतो. किती वर्षं राहिलात, आयएलआर मिळालंय का, असली कुठलीही अट त्यात नाही. भारत १९४९ च्या लंडन घोषणेनंतर प्रजासत्ताक म्हणून राष्ट्रकुलात राहिला आणि आजही आहे. त्यामुळे काल हीथ्रोला उतरून आज हॅरोतल्या रेनर्स लेनमध्ये राहायला आलेला पुण्याचा विद्यार्थीसुद्धा कायद्याने मतदार होऊ शकतो. फक्त कौन्सिलच्या नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही.

मेसेज विचारतो, 'आपण ब्रिटिशांना भारतात मत देत नाही, मग ते आपल्याला कसं देतील?' प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. पण हा हक्क देवाणघेवाणीच्या करारातून आलेलाच नाही. साम्राज्याच्या प्रजेला इथे राहत असेल तर मत होतं, आणि साम्राज्य गेल्यावरही राष्ट्रकुलातल्या लोकांसाठी तो हक्क कायद्यात कायम राहिला. हे उचित आहे की नाही यावर वाद घालणारे ब्रिटिशही आहेत. घालू देत. कायदा बदलेपर्यंत हक्क आपला आहे.

गोंधळ कुठून आला असेल, त्याचा मला अंदाज आहे. मे २०२४ पासून युरोपीय संघातल्या नागरिकांसाठी नियम कडक झाले. त्यांच्यापैकी काहींचा स्थानिक मताचा हक्क गेला, काहींचा राहिला. ती बातमी कुणीतरी अर्धवट वाचली आणि 'परदेशी लोकांचं मत बंद' असं लिहून टाकलं. दुसरं कारण आयएलआर. कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर भारतीय नागरिकाकडे आयएलआर असावं लागतं. उभं राहण्याची अट कुणीतरी मत देण्याला चिकटवली.

आता व्हिसाची धमकी. या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे, आणि मला राग येतो तो यामुळेच. व्हिसावर आलेला माणूस आधीच प्रत्येक पत्राला घाबरत असतो. दर काही वर्षांनी फी भरायची, नियम बदलले की पुन्हा हिशोब मांडायचा, कुठे चुकलं तर सगळं घर आवरून परत जावं लागेल या धास्तीत राहायचं. अशा माणसाला 'सरकारच्या यादीत नाव घालू नकोस' म्हणणं म्हणजे त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं.

कायद्याने मिळालेला हक्क वापरणं हा व्हिसाचा भंग होऊच शकत नाही. बऱ्याच जणांच्या व्हिसावर 'पब्लिक फंड्स नाहीत' असा शेरा असतो आणि मतदार नोंदणी त्यातच मोडते, असं काहींना वाटतं. मोडत नाही. पब्लिक फंड्स म्हणजे इमिग्रेशन नियमांत नावानिशी दिलेले भत्ते, घरासाठीची मदत वगैरे. मतदान त्या यादीत कुठेच नाही. धोका कुणाला आहे तेही सांगते: ज्याच्या व्हिसाची मुदत संपली आहे आणि तरी जो फॉर्मवर खोटी माहिती भरतो, त्याला. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. पण ज्याचा व्हिसा चालू आहे त्याने कशाला लपायचं?

उलट, धोका पत्राला उत्तर न देण्यात आहे. घरात कोण राहतं याच्या चौकशीला माहिती द्यायला नकार दिला तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीचं निमंत्रण आणि आठवणपत्रं येऊनही पात्र माणसाने दाद दिली नाही तर ८० पौंडांचा दंड लागू शकतो. म्हणजे हा फॉरवर्ड लोकांना ज्या गोष्टीपासून वाचवायला निघालाय, त्याच गोष्टीकडे ढकलतोय: सरकारी दंडाकडे.

भारतीय नागरिकत्वाचा मुद्दा झटपट संपतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं. मत देणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. भारतातल्या यादीत अनिवासी मतदार म्हणून नाव असेल तर तेही राहतं. आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड) असलेले, ब्रिटिश पासपोर्टवाले आपले काका-मामा हा मेसेज का पुढे पाठवतायत, हे तर मला कळतच नाही. ते ब्रिटिश नागरिक म्हणूनच मत देतात, ओसीआयचा इथे संबंधच येत नाही.

मतदानाला ब्रिटिश पासपोर्टच लागतो, हेही खोटं. फोटो ओळखपत्राची सक्ती मात्र खरी आहे. इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत ती मे २०२३ पासून लागू झाली. पण चालणाऱ्या ओळखपत्रांत राष्ट्रकुल देशांचा पासपोर्ट स्पष्ट आहे, म्हणजे आपला निळा पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटोत तुम्ही ओळखू येत असाल तर चालतो. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, ज्येष्ठांचा बस पास चालतो. आधार कार्ड चालत नाही, भारतीय लायसन्स चालत नाही, आणि फोनवरचा ई-व्हिसाही चालत नाही, कारण मूळ वस्तू हातात लागते.

इथे आपल्या बायकांनी एक गोष्ट बघून घ्यावी. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं, असं आपल्याकडे फार असतं. दोन्ही नावं जुळत नसतील तर विवाहाचा दाखला सोबत न्यावा, म्हणजे केंद्रावर अडायला नको. कुठलंच चालणारं ओळखपत्र नसेल तर मतदार प्रमाणपत्र, म्हणजे मतदानासाठीचं फोटो ओळखपत्र, फुकट मिळतं.

टॅक्स आणि माहिती विकण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. नोंदणीमुळे कौन्सिल टॅक्स वाढत नाही. पण एकटं राहतो म्हणून २५ टक्के सवलत घेणाऱ्याच्या पत्त्यावर यादीत दोन प्रौढ दिसले तर कौन्सिल विचारणार. सवलत जाते ती दुसरा माणूस राहतो म्हणून, यादीत आहे म्हणून नव्हे, आणि ते आधीच कळवायला हवं होतं. माहितीचं म्हणाल तर यादीची एक खुली प्रत असते आणि ती कुणीही विकत घेऊ शकतो, हे खरं आहे. मात्र त्या प्रतीतून नाव वगळण्याचा पर्याय नोंदणीच्या फॉर्मवरच असतो. तो निवडा, विषय संपला. पूर्ण यादी पतमानांकन करणाऱ्या कंपन्या बघतात, आणि नव्याने आलेल्याला त्याचा फायदाच होतो. मोबाइलचा करार असो की पुढे घराचं कर्ज, यादीत नाव असलं की पत्त्याची पडताळणी सोपी जाते.

मतपत्रिका बाद होण्याबद्दल: हॅरोत काही वॉर्डांत दोन कौन्सिलर निवडायचे असतात, काहींत तीन. तेवढ्याच फुल्या मारता येतात, कमी मारल्या तरी चालतात, वेगवेगळ्या पक्षांना दिल्या तरी चालतात. जास्त मारल्या तर बाद. बस.

राहिला 'फक्त कचरा'. लंडनमध्ये बस-ट्यूब कौन्सिलकडे नाही, पोलीस नाहीत, जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर) नाही, हे बरोबर. पैशाच्या बाबतीत तिचे हात बांधलेले असतात हेही बरोबर. साधारणपणे ४.९९ टक्क्यांच्या वर टॅक्स वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. पण आजारी आजींना घरी येऊन मदत करणारी बाई मिळणार की नाही, मुलांच्या शाळाप्रवेशाचे अर्ज कसे हाताळले जातात, लॉफ्ट (घराचा माळा) वाढवायला परवानगी मिळते का, तुमच्या रस्त्यावर पार्किंग परमिट लागतं का, वाचनालय उघडं राहतं का, हे सगळं कौन्सिलकडेच येतं. पाच-सहा विद्यार्थी एका घरात दाटीवाटीने राहतात, त्या घराला परवाना आहे का आणि आगीपासून बचावाची सोय आहे का, हे तपासायचं कामही तिचंच. म्हणजे या कौन्सिलची सर्वात जास्त गरज ज्यांना आहे, त्यांनाच हा मेसेज मतापासून दूर ठेवतोय.

एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी हॅरोचेच आकडे बघा. २०१८ मध्ये लेबरचे ३५ आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे २८ कौन्सिलर होते. २०२२ मध्ये जागा कमी होऊन ५५ झाल्या, आणि निकाल लागला कॉन्झर्व्हेटिव्ह ३१, लेबर २४. चार जागा इकडच्या तिकडे गेल्या असत्या तर सत्ता दुसऱ्याकडे असती. २०२१ च्या जनगणनेत ज्या बरोतल्या सुमारे ४५ टक्के लोकांनी आपण आशियाई असल्याचं सांगितलं, तिथे आपल्या मताने फरक पडत नाही असं कुणी कसं म्हणू शकतं? आणि हे काही आजचं नाही. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ लंडनमधल्या सेंट पॅन्क्रस बरोचे कौन्सिलर होते. भारत स्वतंत्र व्हायच्या आधी एक भारतीय इथल्या कौन्सिलमध्ये बसून वाचनालयांसाठी झटत होता.

तारखा लिहून ठेवा. नाव नोंदवायची शेवटची तारीख २० एप्रिल. टपाली मतासाठी अर्ज २१ एप्रिल, संध्याकाळी ५ पर्यंत. ओळखपत्र नसेल तर मतदार प्रमाणपत्राचा अर्ज २८ एप्रिल, तोही ५ पर्यंत. नोंदणी ऑनलाइन होते आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठी मिळणारा सरकारी क्रमांक) मागितला जातो. तो अजून मिळाला नसेल तर तसं फॉर्मवर लिहा, कौन्सिल दुसरी कागदपत्रं मागेल. मतदान सकाळी ७ ते रात्री १०. पोल कार्ड (मतदानाआधी घरी येणारं सूचनापत्र) हरवलं तरी मत देता येतं.