मास्टर स्विच बंद करायला काय जातं?

काल पुन्हा तेच. विमानात बसलो, विमानाची वीज चालू-बंद करणारा मास्टर स्विच चालू करायला हात नेला, तर तो आधीच वर! लाल रंगाचा, दोन भागांचा, पायलटच्या डाव्या गुडघ्याच्या वर, अगदी डोळ्यांसमोर. आदल्या संध्याकाळी ज्या साहेबांनी विमान उडवलं, ते तो तसाच ठेवून घरी जेवायला गेले. रात्रभरात बॅटरी ठार. एक दिवा लागेल तर शपथ.

इथे अमेरिकेत खासगी पायलटांचे असे क्लब गावोगावी आहेत. पाच-पंधरा जण मिळून एखादं जुनं सेस्ना १७२, म्हणजे चार जणांचं छोटं विमान, ठेवतात, तारखा वाटून घेतात. म्हणजे एकाने घाण करायची आणि दुसऱ्याने निस्तरायची, याची चोख सोय.

आणि विसरू नये म्हणून उपायही केलेला असतो हो! शेपटीवरच्या लाल बीकनचा, म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्याचा, स्विच कायम चालूच ठेवायचा, असा क्लबाचा नियम आहे. मास्टर विसरलात तर बीकन लुकलुकत राहतो, गाडीकडे जाताना नुसती मान वळवली तरी दिसतो. या महाभागाने बीकन तेवढा आठवणीने बंद केला. मास्टर चालू, बीकन बंद! कपाळाला हात लावू की भिंतीवर डोकं आपटू?

वर एक शहाणा म्हणतो, हाताने प्रोपेलर फिरवून चालू कर की. अरे, हात जातील! मेकॅनिकने बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि माझी सकाळ गेली. साहेबांना फोन केला तर म्हणे, "ओह, सॉरी, थकलो होतो." दमला होतात, पण धावपट्टीवर विमानासोबत फोटो काढून पोस्ट करायला दम होता ना?

मास्टरचं सोडा, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या स्विचमध्ये किल्ली तशीच ठेवणारेही आहेत. किल्ली काढून काचेपाशी, समोरून दिसेल अशी ठेवायची, कारण मॅग्नेटो चालू राहिला तर प्रोपेलरला नुसता हात लागूनही इंजिन उसळू शकतं. पुढे उभा असलेला माणूस तो प्रोपेलर बिनधास्त हलवतो, कारण त्याला वाटतं आधीच्याने बंद केलं असेल. काहीजण तर विमान साखळ्यांनी बांधत नाहीत, सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून असलेला कंट्रोल लॉक घालत नाहीत, इंजिनाच्या तोंडाला बोळे लावत नाहीत. वसंतात हे बोळे विसरलात, तर पक्षी बघता बघता आत काड्यांचा ढीग रचतात. गवत हाताने उपसून काढायला कोण? मी.

उड्डाणाआधी मार्ग आणि वेळ कळवतात, त्या फ्लाइट प्लॅनचं तर विचारूच नका. व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत उडण्याचा, प्लॅन टॉवरवाला आपोआप बंद करत नाही, पायलटनेच करायचा. पोहोचण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात बंद झाला नाही की शोध सुरू. आधी विमानतळांवर फोन, मग पुढचं सगळं. आणि साहेब तिकडे हॅम्बर्गर खात बसलेले! उतरल्यावर एक फोन करायचा, नाहीतर फोनमधल्या अ‍ॅपवर एक बोट टेकवायचं, एवढंच काम.

ईएलटीचंही, म्हणजे अपघात झाला की आपोआप हाक देणाऱ्या यंत्राचंही, तसंच. विमान जरा जोरात आपटलं की तो बोंब मारायला लागू शकतो. म्हणून इंजिन बंद करण्यापूर्वी १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ वारंवारितेवर क्षणभर कान द्यायचा. २००९ च्या फेब्रुवारीपासून उपग्रह १२१.५ ऐकत नाहीत, पण नव्या ४०६ मेगाहर्ट्झच्या यंत्राची हाक थेट उपग्रहाकडे जाते. मग फोन जातो यंत्राच्या नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याला. आपटणाऱ्याला नाही! तो गाढ झोपलेला असतो.

सगळा मामला इथेच अडतो. विसरणाऱ्याचं काहीच जात नाही. पाण्याची मोटर चालू ठेवून गावाला गेलेल्या शेजाऱ्यासारखं, पाणी वाहतं ते दुसऱ्याच्या जिन्यात. फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे पायलटची उजळणी, होतो दर २४ महिन्यांनी, त्यात इन्स्ट्रक्टर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर सावरणं, बघतो, लँडिंग बघतो. पण उतरल्यावर विमान साखळीने बांधलं का, हे बघायला कितीजण थांबतात? चेकलिस्टच्या शेवटच्या चार ओळी कोणी वाचतच नाही, तोवर मन पार्किंगमध्ये गेलेलं असतं.

क्लबाच्या बैठकीत मी बोललो, तर "पुढच्या वेळी काळजी घेऊ" म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. यावेळी मी बॅटरीच्या चार्जिंगचं आणि मेकॅनिकच्या मजुरीचं बिल साहेबांच्याच खात्यावर टाकायला लावलंय. आता त्यांना ते अन्याय वाटतंय म्हणे.