चाकरमानी शब्दाचं स्त्रीलिंग

मुंबईत नोकरी करतेस, खोली घेऊन राहतेस आणि गणपतीला गावी यायचं म्हणतेस? शाब्बास. तुझ्यासाठी हे चार अनुभवाचे बोल. मी दरवर्षी हे सगळं पाळते आणि दरवर्षी परत जाताना माझी कंबर धरलेली असते, म्हणजे सल्ला अगदी खात्रीचा आहे.

आधी तिकीट. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं. यात तुझाच फायदा बघितलाय. पूर्वी चार महिने आधीपासून तोंड पाडून बसावं लागायचं, आता दोनच. सकाळी आठला बुकिंग सुरू होतं, आणि आठला तू दिवा स्टेशनच्या फलाटावर असतेस, म्हणून मोबाइल उजव्या हातात, डब्याची पिशवी डाव्या खांद्यावर आणि पर्स पोटाशी. डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत दारातल्या बायका तुला चढू देणार नाहीत. तेवढ्यात कॅप्चात शून्याच्या जागी 'ओ' पडेल. अशा रीतीने दोन्ही गाड्या एकाच मिनिटात भरतात. गावच्या गाडीचं नाव कोकणकन्या. कोकणच्या कन्येला तिच्यात वेटिंग मिळतं, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी तेही मिळत नाही, 'रिग्रेट' येतं. इतक्या नम्रपणे मुंबईत तुला दुसरं कोणीच नाही म्हणत नाही, तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेव.

रस्त्यानेही येता येतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा मी नववीत होते. नंतर मी दहावी झाले, बारावी झाले, पदवी घेतली, तीन नोकऱ्या बदलल्या. रस्ता अजून नववीतच आहे. पण एसटीने आलीस तर एक मान आहे: १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. बारा वर्षांची झाले तेव्हा कंडक्टरने 'आता फुल काढायचं हां' म्हणून सांगितलं होतं, आणि मी केवढी फुगले होते. आता परत अर्धी झाले. पैसे वाचतात म्हणून मी काही बोलत नाही, तूही बोलू नकोस.

एकदा गावात पाय ठेवलास की तू कोण, हा प्रश्न येतो. तुझा मावसभाऊ मुंबईहून येतो तो चाकरमानी. त्याच्यासाठी शब्द आहे, खुर्ची आहे, आल्या आल्या चहा आहे. तुझ्यासाठी शब्द नाही. याला कारण आहे आणि ते जुनं आहे. गिरण्या होत्या तेव्हा पुरुष मुंबईला जायचे, लालबाग-परळच्या गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोल्यांत दाटीवाटीने झोपायचे आणि मनीऑर्डर पाठवायचे. बाया गावी शेत, गुरं आणि सासू सांभाळायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, तरी हिशेब काही मोडला नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि मुंबई शहरात ८३२. म्हणजे पुरुष तिकडे, बायका इकडे, हे सरकारी कागदावर मोजून ठेवलेलं आहे. तू मधेच उठून तिकडे गेलीस आणि आकडा बिघडवलास. आता चाकरमानीचं स्त्रीलिंग मागू नकोस. २०२५ च्या गणपतीआधी तर चाकरमानी हाच शब्द कमीपणाचा आहे, त्याऐवजी 'कोकणवासीय' म्हणा, असं सरकारदरबारी ठरलं. दिव्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईला कोकणवासीय म्हणायचं. असो, निदान त्या शब्दाला लिंग नाही, तेवढं पदरात पाडून घे.

(मुंबईतही तुझ्यासाठी शब्द नाहीच. दलाल पहिला प्रश्न विचारतो, "फॅमिली की बॅचलर?" तू तोंड उघडायच्या आत तो फोनवर मालकाला सांगतो, "लेडीज बॅचलर आहे.")

आता मुंबईच्या तुझ्या आयुष्यातलं गावात काय सांगायचं आणि काय गिळायचं, ते नीट ऐक. खोलीचं भाडं सांगू नकोस. ते ऐकून काका म्हणतील, तेवढ्यात इथे चिऱ्याचं एक खोपटं उभं राहिलं असतं. डिपॉझिट तर मुळीच नको. अकरा महिन्यांचा करार असतो आणि दर अकरा महिन्यांनी तू गादी, गॅस आणि कुंडीतली तुळस घेऊन टेम्पोत बसतेस, हे आईला माहीत नाही. तिला वाटतं तू 'जरा मोठी जागा' बघितलीस.

सुक्या बांगड्याचं मात्र नक्की सांग, कारण त्यावर लोक खरंच हळहळतात. पश्चिम उपनगरात ऑफिसजवळ एक छान खोली मिळाली होती. खिडकी होती, पाणी चोवीस तास होतं, मालकीणबाई गोड होत्या. करारावर सही करताना म्हणाल्या, "नॉनव्हेज वगैरे तुम्ही लोक करत नाही ना?" मालवणच्या मुलीला हे विचारणं म्हणजे भटजींना 'तुम्ही घंटा वगैरे वाजवत नाही ना' म्हणून विचारण्यासारखं आहे. मी 'नाही हो' म्हटलं. खिडकीची भूल. तीन महिने वरण-भात खाल्ला. मग गावाहून आईने सुके बांगडे पाठवले, वर्तमानपत्रात, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी उशीची खोळ, त्यावर परत प्लास्टिक. पिशवी मी कपाटात सर्वांत वर, हिवाळी कपड्यांमागे ठेवली. मुंबईत हिवाळी कपडे कोण बघतं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे दोघे जण जिन्यात उभे होते, नाक वर करून, एकेक मजला वास घेत. मी त्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, "गटाराचा असेल." ते म्हणाले, "गटाराचा नाही, हा त्याच्याहून वाईट आहे." माझ्या आईच्या हातचे बांगडे होते ते, आमच्याच खळ्यात वाळवलेले, कावळ्यांवर नजर ठेवून. मी मान डोलावली. पुढच्या महिन्यात दिव्याला आले. इथे शेजारीण स्वतःच विचारते, आज सुकट भाजलीस का, वास छान आलाय.

म्हणून माझा सल्ला: ऑफिसजवळ घर असण्यापेक्षा माशाजवळ असावं. प्रवासाचे रोज चार तास जातात, पण ते कोणाचे आहेत? तुझेच.

लोकलमधलंही थोडं सांगायला हरकत नाही, पण ठरावीक. 'लेडीज डब्यात बायका मेथी निवडतात, डोहाळजेवण करतात' एवढं सांग, सगळे खूश होतात. बसायला जागा मिळावी म्हणून तू आधी उलट दिशेला डोंबिवलीला जातेस, तिथून रिटर्न मारून परत दिव्यावरूनच मुंबईकडे जातेस, हे सांगू नकोस. मी एकदा सांगितलं. काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे पुढे जाण्यासाठी तू मागे जातेस. मग एवढी शिकलीस कशाला?"

घरी पोचल्यावर पहिले प्रश्न ठरलेले. "कधी इलंस?" आणि श्वासही न घेता "कधी जातलंस?" या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत बॅग ठेव. तिसरा, "पगार किती गावता?" तुझ्या भावाला हा पडवीत, सगळ्यांसमोर विचारतात. तुला स्वयंपाकघरात, चुलीकडे बघत, हळू आवाजात विचारतात. आकडा चारने भागून सांग. संध्याकाळपर्यंत वाडीत तो आपोआप चारपट होतो आणि खऱ्यावर येतो. चौथा, "लग्नाचां काय?" याला उत्तर द्यायचं नसतं. नारळ फोडायचा.

नारळ फोडायचाच आहे, कारण आता खरं काम. मागच्या वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ एकाच रात्री, एकाच गाडीने, एकाच डब्यात, संडासाजवळ वर्तमानपत्र पसरून आलो. सकाळी खळ्यात पाऊल टाकलं. काकांनी हाक मारली, "मुंबैकार इलो, खुर्ची हाड रे." लाल प्लास्टिकची खुर्ची आली. तो बसला, पाय पसरले, म्हणाला, "काय हाल झाले काकी!" काकी 'अरे देवा' म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाली, "बरां झालां इलंस. हय बस, नारळ खव." खवणी पुढ्यात. माझ्या पाठीवर अजून बॅग होती.

वाईट वाटून घेऊ नकोस. एकवीस मोदक देवाचे, बाकीचे पडवीचे, आणि पडवी मोठी आहे. उकड हाताला चटके देते, पण मुंबईत तू नेलपॉलिशला जपतेस ही गावाची तक्रार त्यातच मिटते. पुरुष गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिला कवंडाळं ही रानफळं आणि आंब्याचे टाळे टांगतात, आणि दर दहा मिनिटांनी 'चाय झाली काय?' असं विचारून कामाला वेग देतात. रात्री भजनाला मंडळी येतात, त्यांना उसळ-पाव आणि चहा. 'वर्क फ्रॉम होम' घेऊन आली असशील तर गडग्यावरच्या फणसाखाली एक काडी नेटवर्क येतं. लॅपटॉप जांभ्याच्या चिऱ्यावर ठेव, कॅमेरा बंद ठेव, खवलेल्या खोबऱ्याची परात मांडीवर असू दे. माझ्या मीटिंगमध्ये एकदा बॉसने विचारलं, मागे कसला आवाज येतोय? मी म्हटलं, टीम बिल्डिंग चाललंय. मागे काकी मृदंगवाल्याला उसळ वाढत होती.

गौरी आली की मात्र तुझं कौतुक सुरू होतं. गौर माहेरवाशीण म्हणून येते, तिला घावन-घाटल्याचा नैवेद्य, तिच्यापुढे फुगड्या. माहेरी आली आहे, तिला काही काम सांगू नका, असं म्हातारी माणसं म्हणतात. कोणाला, ते नीट ऐकून घे. गौरीला.

वर्गणीचंही सांगते. वाडीच्या देवळाच्या पत्र्यांना मी मुंबईहून मोबाइलवरून पाच हजार पाठवले. गावी आल्यावर कोषाध्यक्षांनी पावती दिली, भावाच्या नावाने. 'घरटी एक नाव असता गो,' ते समजुतीने म्हणाले, 'पैसे पोचले, तां महत्त्वाचां.' भाऊ त्या वर्षी नोकरी शोधत होता. पावती मात्र त्याने जपून ठेवली आहे.

कागदावर तुझं नाव हवंच असेल तर काळजी नको, एका कागदावर ते आग्रहाने मागतील. सातबारा माहीत आहे ना? आमच्या कलमांच्या बागेच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं झाड आणि एक वाद येतो. मोदक खाऊन झाले, विसर्जन झालं की काका तुला जवळ बसवतील, सुपारी कातरतील आणि म्हणतील, "एक सही होती गो. हक्कसोडाची. तुका काय, तू मुंबैची." गंमत बघ, नारळ खवताना तू घरची असतेस. अशा वेळी उगाच कायदा काढू नकोस. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच हिस्सा आहे, तो जन्मानेच मिळतो असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं, असलं काही बोललीस तर सुपारी घशात अडकते. म्हाताऱ्या माणसाच्या घशाची जबाबदारी कोण घेणार? मी आपलं म्हटलं, चष्मा मुंबईला राहिलाय, वाचल्याशिवाय सही कशी करू? तीन वर्षं माझा चष्मा मुंबईला राहतोय. काका दरवर्षी आधी फोन करून विचारतात, चष्मा घेतलास ना?

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरतात. ती तू भरायची नाहीस, फक्त उचलायची. कोकमं, कुळथाचं पीठ, चार नारळ, सुके बांगडे परत चार वेष्टनांत. या वेळी सगळे झोपल्यावर आजी येऊन बसली. आजोबा सत्तावीस वर्षं गिरणीत होते आणि ती सत्तावीस वर्षं इथे. पिशवीची गाठ घट्ट करत म्हणाली, "तुझ्या आज्यान राणीची बाग दाखवतंय म्हणान सांगल्यान. तुझ्या खोलयेत माका जागा गावात काय गो? आठ दिस."

खोलीत जागा मिळेल का, असं आजीने विचारलं तर मालकाला पाहुणे चालत नाहीत, हे तिला सांगायचं नाही. बागेत आता पेंग्विन आहेत हेही आधीच सांगू नकोस, ती विश्वास ठेवणार नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढून घे, दिवाळीनंतरची एखादी तारीख धर आणि तिथून ६० दिवस मागे मोज. सकाळचा पावणेआठचा गजर लाव. कोकणकन्या, लोअर बर्थ. आणि त्या दिवशी लोकल सोडून दे, फलाटावर बाकड्यावर बसून दोन्ही अंगठ्यांनी कॅप्चा टाक.