कॅलेंडरचा सातबारा

मागच्या मार्गशीर्षात आमच्या ऑफिसला नवं सॉफ्टवेअर लागलं. आमच्याकडं नजर लागते, पनवती लागते, तसंच हे लागलं.

आमची संस्था पाणलोटाची कामं करते. माणसं नऊ, जीप एक आणि लातूर जिल्ह्याचे तालुके दहा. कोण कधी निलंग्याला जाणार, कुणाला जळकोटचे बांध बघायचेत, हे सगळं एका सामायिक कॅलेंडरवर चालायचं. ज्याच्या नावापुढं हिरवी पट्टी, त्याची जीप. पट्टी नसेल तर त्यानं एसटी स्टँड गाठायचं. एवढा साधा न्याय होता आणि तो सगळ्यांना मान्य होता.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून मेल आला. 'आपली प्रणाली अद्ययावत होत आहे. आपल्याला काहीही करावे लागणार नाही.' शहाण्या माणसानं इथंच सावध व्हायला पाहिजे होतं. आमच्या गावात बियाणं विकायला येणारा माणूसही नेमकं हेच वाक्य बोलतो.

सोमवारी कॅलेंडर उघडलं तर नुसता पांढरा पडदा. मधोमध दोन ओळी: 'आपल्याला परवानगी नाही. कृपया मालकाकडे विनंती करा.' खाली निळं बटण. दाबलं. 'विनंती मालकाला पोचली आहे.' शेजारच्या टेबलावरच्या लेखापाल मॅडमनीही दाबलं. दुपारपर्यंत नऊच्या नऊ जण दर तासाला बटण दाबत होते. मालकाचा मात्र हूं नाही की चूं नाही.

एरवी आठवडाभर रेटलं असतं, पण वेळा अमावस्या पाच दिवसांवर आलेली. आमच्या बोलीत येळवस. बाहेरच्यांना सांगायला हवं: त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखी सामसूम असते. झाडून सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील प्यायची, भज्जी खायची आणि झाडाखाली आडवं व्हायचं. सुट्टी असतेच, पण त्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर ज्याच्या नावावर जीप, त्याचं पाहणीचं गाव नेमकं स्वतःच्या शेताच्या वाटेवर येतं. योगायोग. यंदा चार जण छातीठोकपणे सांगत होते की तो दिवस आपल्या नावावर आहे. त्यात मी एक.

पुण्याला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड. ''आपलं तिकीट काढलं आहे सर.'' म्हणजे तक्रार नोंदवून घेतली. आमच्याकडं तिकीट काढलं की निदान गाडी फलाटावर असते. इथं तिकीट हातात आणि गाडीचा पत्ता नाही. तिसऱ्या फोनला त्यानं नीट समजावलं, ते मला पटलंही. नोंदी कुठंही गेलेल्या नाहीत, सर्व्हरवर जशाच्या तशा आहेत. अपग्रेडमध्ये सगळ्यांचे ईमेल पत्ते बदलले. कॅलेंडर ओळखतं जुन्या पत्त्यांना, आणि आपण दारात उभे नवे पत्ते घेऊन.

म्हणजे फेरफार झालाच नव्हता! मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जमीन जागेवर, पीक जागेवर, फक्त कागदावर नाव नाही. त्या कॅलेंडरात परवानगीच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त 'मोकळं' की 'कामात' एवढंच दिसतं, म्हणजे रस्त्यावरून जाताना दुसऱ्याच्या शेतात माणूस दिसावा तसं. दुसरीत तो काय पेरतोय तेही दिसतं. तिसरीत तुम्ही स्वतः पेरू शकता. चौथीत तुम्ही दुसऱ्यालाही बांधाच्या आत घेऊ शकता. आम्ही चौथ्या पायरीवरून थेट डांबरी रस्त्यावर आलो होतो.

तसा कॅलेंडर बदलायचा अनुभव आमच्या भागाला नवा नाही. निजामाच्या राज्यात कारभार फसली सालानं चालायचा. महिने आजूर, दै, बहमन असे. १७ सप्टेंबर १९४८ ला इथली निजामी संपली आणि पुढं सरकारी कागदावरचं ते सालही गेलं. आजोबांच्या पेटीत जमिनीचे कागद आहेत, त्यांवर अजून फसली सालच आहे. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल साधारण हाती लागतं. बेरीज येत असली की झालं. कुणाला विनंती पाठवावी लागत नाही, निळं बटण दाबावं लागत नाही. असो.

मंगळवारी लेखापाल मॅडमना आठवलं की दिवाळीच्या आधी त्यांनी कॅलेंडरची एक प्रत फाइल करून ठेवली होती. टाळ्या वाजल्या. फाइल नव्या खात्यात चढवली, हिरव्या पट्ट्या दिसल्या, चहा मागवला गेला. आठवणीची घंटी परस्पर ड्रायव्हर बाबूभाईंच्या मोबाइलवरही गेली.

बुधवारी पहाटे, चांगला अंधार असताना, दारात हॉर्न. मी कानटोपी घालून बाहेर आलो. बाबूभाई मफलर गुंडाळून स्टिअरिंगवर बसलेले.

''साहब, साडेपाच की मीटिंग है ना, चाकूर में?''

''बाबूभाई, ग्रामसभा साडेपाचला असते का हो कधी?''

''मैं भी वहीच सोचा. पर मोबाइल बोला.''

मोबाइल खोटं बोलला नव्हता. नव्या खात्यांची घड्याळं ग्रीनिचच्या वेळेवर होती. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. दर पंधरा अंशांना एक तास धरला की आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं. म्हणून चाकूरची अकराची ग्रामसभा तिथल्या हिशेबानं पहाटे साडेपाचला होती. हे सगळं भूगोल मी बाबूभाईंना थंडीत कुडकुडत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ''चाय है क्या?''

शिवाय ती प्रत दिवाळीच्या आधीची. अमावस्येच्या आदल्या दिवसावर एकही पट्टी नव्हती. चौघांचेही दावे जिथल्या तिथं.

शेवटी गुरुवारी पुण्याच्या मुलानं कॅलेंडरचा मालक शोधून काढला. स्पीकर चालू होता, सगळे गोळा झालेले. तो एकेक अक्षर वाचू लागला. चौथ्या अक्षराला माझ्या पोटात गोळा आला. सातव्याला लेखापाल मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मालक मी होतो. २०१८ साली ऑफिसचे ईमेल व्हायच्या आधी मीच माझ्या जुन्या, फुकटच्या खात्यावरून हे कॅलेंडर उघडलं होतं आणि पार विसरलो होतो. चार दिवस आठ माणसं माझ्याकडं विनंती करत होती आणि मीही माझ्याकडंच करत होतो. दाद दिली नाही, एवढं मात्र खरं.

जुन्या खात्याचा पासवर्ड आठवेना. ओटीपी जाणार जुन्या नंबरवर. आणि तो नंबर, फोनसकट, मी आईला देऊन टाकलेला. आई गावी, औसा तालुक्यात.

''आई, एक मेसेज आलाय का बघ.''

''आलाय की. सिमिटवाल्याचा.''

''तो नाही गं. आकड्यांचा.''

''थांब, माळवदावर जाते. खाली रेंज न्हाई.''

शिडी करकरली. कोंबडी ओरडली. चष्मा खाली राहिला म्हणून एक फेरी जास्तीची झाली. ओटीपीला दहा मिनिटांची मुदत.

''हां, आलाय बग. सा आकडे हायत.''

''सांग.''

पलीकडं शांतता.

''ह्यात लिवलंय, कुनालाबी सांगू नका.''

''अगं, मला सांगायला काय होतंय? माझाच आहे तो.''

''बचत गटात ब्यांकेचा मानूस सांगून गेलाय. ल्योक म्हून फोन आला तरी सांगायचं न्हाई. आवाज काडतेत म्हनं आता, हुबेहूब.''

''आई, मीच बोलायलोय!''

''आस्सं? मग सांग, येळवशीला आपल्यात भज्जीत काय काय पडतंय?''

अख्खं ऑफिस ऐकत होतं. मी सुरू केलं: तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, बेसन, चिंच.

''आन्?''

''आन्... कांद्याची पात?''

''माज्या लेकाला म्हाईत आस्तंय,'' आई म्हणाली आणि फोन ठेवला. मागून मॅडम हळूच म्हणाल्या, ''मेथी, सर.''

ओटीपी मेला. दुसरा मागवला. या वेळी आईनं आंबील शिंपडताना घरात काय ओरडतात ते विचारलं. ते दर घरात थोडं वेगळं असतं, त्यामुळं पासवर्ड म्हणून उत्तम. नऊ माणसांच्या ऑफिसात खुर्चीवरून उठून मी 'वलगे वलगे सालम पलगे' असं ओरडलो, तेव्हा कुठं तिची खात्री पटली. मग एकेक आकडा आला. चौथ्याला ती थांबली, ''ह्ये शून्य हाय का आठ?''

खातं उघडलं. पेटीत दोनशे चौदा विनंत्या. घड्याळ भारताच्या वेळेवर आणलं, पट्ट्या साडेपाच तास सरकून आपापल्या जागी बसल्या. मी एकेकाचा नवा पत्ता घालून चौथी पायरी द्यायला लागलो. मॅडम झाल्या. अजून तिघं झाले. पाचव्याचा पत्ता घालतोय तोच पडद्यावर आलं: 'सुरक्षेच्या कारणास्तव आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.'

तेवढ्यात फोन वाजला. आईच्या आवाजात अभिमान मावत नव्हता.

''आत्ताच इचारलं बग मोबाईलनं, कुनीतरी दुसरीकडून खातं उगडलंय, ह्ये तुमीच हायत का? म्या तर शेळीला पाला टाकायले. 'नाही' दाबलं. बंदच करून टाकलं बग त्याचं.''

मी काहीच बोललो नाही.

''आन् काय रे, येळवशीला जीपनं येनारायस का यष्टीनं?''